केरबाने जीप उचलली त्याची गोष्ट

दात पडले तरी माझी सुटका नाही. नातसून म्हणते, पोरं जेवत नाहीत, केरबाची गोष्ट सांगा. जेवत नसतील तर उपाशी ठेवा, संध्याकाळी खातील गपगुमान. पण नाही. आता तर म्हणतात, अप्पा, लिहूनच द्या. मास्तर मारायचे म्हणून मी चौथीत शाळा सोडली, आणि या वयात पुन्हा पेन्सिल हातात आली. बरं. एकदाच सांगतो.

आमच्या घाटाखालच्या गावात केरबा येडगे नावाचा एक भोळा जीपवाला होता. मनाने सोनं. डोक्याचं काय ते तुम्हाला कळेलच. त्याची जीप चारही चाकांनी ओढणारी, जुनी पण दणकट. तिच्यावर त्याचा जीव. दुसरा जीव सगुणावर. सगुणा वरच्या वस्तीवरची, धाकलू झोऱ्याची लेक.

धाकलूने अट घातली. "आमच्या वस्तीवर गाडी येत नाही. आजारी माणूस झोळीत घालून खाली न्यावं लागतं. लग्नाच्या मुहूर्ताला तुझी जीप माझ्या अंगणात उभी दिसली पाहिजे. नाहीतर दूधवाल्याचा पोरगा तयार आहे."

केरबा म्हणाला, "येतो की!"

निघाला. घाटाच्या वाटेत मधोमध एक खडक होता. जीपचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं हवेत फिरायला लागली. केरबाने ती कशीबशी मागे ओढून काढली आणि गावातल्या दस्तगीर मिस्त्रीकडे आणली. दस्तगीर चांगला माणूस, पण घाईत बोलायचा.

"गाडी उचलायला पाहिजे," मिस्त्री म्हणाला आणि जेवायला गेला.

जेवून येतो तर तालमीतली सगळी पोरं जीप खांद्यावर घेऊन उभी. घामाने निथळतायत.

"उचलली, मिस्त्री," केरबा म्हणाला. "आता किती वेळ धरायची?"

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून उचलायची!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

केरबाने ठोकळे घातले. गाडीला उंची आली. मग वाटलं, एका ठोकळ्याने एवढी, तर दोनाने किती! ठोकळ्यावर ठोकळा घातला. जीप बकरीसारखी ताठ उभी राहिली. बसायला शिडी लागायची.

चालवली तर खालून थडथड थडथड. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो फिरणारा दांडा जातो, तो शाफ्ट. गाडी वर गेली, चाकं खालीच राहिली, म्हणून दांडा तिरका झाला.

मिस्त्री वाकून बघतो आणि म्हणतो, "शाफ्ट उताराला लागलाय. सपाट पाहिजे."

केरबाने मान डोलावली. त्याने मान डोलावली की मी घाबरायचो. दुसऱ्या दिवशी बघतो तर हा घाट उलटा चढतोय. जीपचं तोंड खाली, बूड वर, आणि केरबाची मान मागे वळलेली.

"अरे, हे काय?" मी विचारलं.

"अप्पा, तोंड उताराला केलं की मागचा शाफ्ट सपाट होतो. गवंडी लावतात ती पाण्याची नळी लावून बघितलंय मी."

"आणि पुढचा?"

"पुढचं मला कुठे दिसतंय? मी मागे बघून चालवतोय."

उलटं चालवून शाफ्टच्या टोकाचा जोड कराकरा वाजायला लागला. मिस्त्री ओरडला, "कोरडा पडलाय! जे जे फिरतं त्याला ग्रीस घालायचं असतं!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

केरबाने डबाभर ग्रीस घेतलं. जे जे फिरतं त्याला घातलं. शाफ्टला घातलं, ते ठीक. स्टिअरिंगला फासलं. चाकं फिरतात म्हणून चाकं काढून आतल्या ब्रेकला थापलं. घरी गेला तर आई दळत होती. जातं फिरताना दिसलं. त्या दिवशीची भाकरी काळी झाली आणि घशातून न अडकता खाली गेली. आईने लाटणं फेकून मारलं, तेही फिरत आलं, म्हणून त्याला पण ग्रीस.

दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला तर जीप थांबेना. सरळ सरपंचाच्या उकिरड्यात.

मिस्त्रीचा आवाज बसला. "ब्रेकला ग्रीस घालतात होय रे? कोरडं लागतं ते! पुसून काढ सगळं!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

केरबाने सगळं पुसलं. ब्रेक पुसले. शाफ्टचे जोड पुसले. गिअरबॉक्समधलं तेलसुद्धा काढलं आणि आत चुलीतली राख टाकून कोरडं केलं. जीप सुरू केली तर आतून असा आवाज आला, जसं कुणी घमेल्यात दगड हलवतंय.

मिस्त्रीने दोन दिवस खपून गिअरबॉक्स धुतला, तेल भरलं, सगळं जागच्या जागी लावलं. जाता जाता बघतो तर केरबाने डांबरी रस्त्यावर चारही चाकांची ओढ लावून ठेवलेली. टायर किंचाळतायत, शाफ्ट कण्हतोय.

"चार चाकं कोरड्या रस्त्यावर लावायची नसतात रे! चिखल असला तरच लावायची!"

आता कुणीही चार चाकांची ओढ काढली असती. केरबाने काय करावं? त्याने बाजाराच्या दिवशी टँकर आणला, मातीची ट्रॉली आणली, आणि हमरस्त्यावर चिखल केला. त्यातून जीप मजेत गेली. मागून एसटी आली ती रुतली. कंडक्टर उतरला तो गुडघ्यापर्यंत गेला.

"कुणी केलं हे?" कंडक्टर म्हणाला.

"मी," केरबा म्हणाला. "तुमच्याकडे चार चाकांची ओढ नाही वाटतं?"

इकडे लग्न तोंडावर आलं. सगुणाचा निरोप आला. "दूधवाल्याचा पोरगा नवीन बूट घालून अंगणात बसून जातो. काय ते लवकर बघा." केरबा मिस्त्रीच्या दारात बसून रडायला लागला. पहिल्यांदाच मिस्त्री शांतपणे बोलला.

"केरबा, ही गाडी उचलायची कशाला होती?"

"खडक अडत होता."

"कुठला खडक?"

"वाटेतला. एवढा." त्याने हाताने दाखवला. पाटीभर असेल.

मिस्त्री म्हणाला, "अरे, मग खडक काढायचा! मला काय वाटलं, अख्खा डोंगर आहे. नीट ऐक. जे अडतं ते काढून टाकायचं. चांगल्या गाडीला हात लावायचा नाही. कळलं?"

"मग आधी नाही का सांगायचं?"

लग्नाच्या दिवशी ठोकळे काढायला वेळ नव्हता. केरबा तसाच निघाला. पहारीने खडक उपटला आणि दरीत लोटला. जीप वर चढली. वस्तीवरची माणसं ओरडत धावली. सगुणा दाराआडून बघत होती. आता फक्त अंगणात शिरायचं होतं. पण मांडव पडला माणसांच्या उंचीचा आणि जीप होती ठोकळ्यांच्या उंचीची. टप मांडवाला अडला.

केरबा उतरला. मांडवाच्या मेढी उपटल्या. मांडव वाजंत्र्यांवर बसला.

धाकलू धोतर सावरत आला. जीपपुढे हात पसरून उभा राहिला. "एक पाऊल पुढे टाकायचं नाही! मी इथे उभा आहे तोवर गाडी अंगणात येत नाही!"

केरबाने त्याच्याकडे नीट बघितलं. मान डोलावली.

त्या वेळी मी खाली माझ्या अंगणात नाचणी वाळत घालत होतो. लग्नाला निघायचं म्हणून अंघोळ झालेली. जीप आली. केरबाने जीपमधून धाकलूला उचललं, माझ्या नाचणीवर ठेवलं, म्हणाला, "अप्पा, हे जरा इथे राहू देत," आणि गेला.

वर चढताना मागचा शाफ्ट निसटून पडला. उंच गाडीला तो आखूड पडणारच होता. पण पुढची चाकं ओढत राहिली आणि केरबा मुहूर्ताला अंगणात पोचला. जीप उभी. नवरा उभा. सगुणा हार घेऊन उभी. सगळ्यांच्या हातात अक्षता.

भटजी म्हणाले, "मुलीच्या वडिलांना बोलवा. कन्यादान कोण करणार?"

केरबा म्हणाला, "ते अडत होते. काढून टाकले."

मग काय, वस्तीच्या वस्ती डोंगर उतरून माझ्या अंगणात आली. सगुणा हसून हसून दोनदा वाटेत बसली. बापाला म्हणाली, "बाबा, जीप अंगणात उभी आहे. वर जाऊन बघा, नाहीतर अक्षता घ्या." धाकलूने अक्षता घेतल्या. लग्न माझ्या नाचणीवर लागलं.

पण वऱ्हाड पोचेपर्यंत मी आणि धाकलू दोघेच होतो. त्याला वाटलं मी केरबाला सामील आहे. माझ्याच अंगणात, माझ्याच काठीने, त्याने माझ्या पाठीत दोन घातल्या. केरबा भोळा, त्याचं सोडा. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन पाया पडून गेला, तो तर तिथे नव्हताही. माफी मागायचा राहिलाय तो एकच, धाकलू झोरे.