मुक्या हुतूतूचा डाव

वाघेरीच्या राजेसाहेबांनी प्राथमिक शाळेतलं गाणं आणि चित्रकला एका फटक्यात बंद केली. सकाळी जोर, दुपारी बैठका, संध्याकाळी खेळ, मध्ये वेळ उरलाच तर बाराखडी! राजेसाहेब स्वतः रोज पाचशे जोर काढत. आपल्याला जे येतं तेवढंच जगात शिकण्यासारखं असतं, असं मानणाऱ्या थोर माणसांपैकी ते एक होते.

गाणं आणि चित्रं शिकवणाऱ्या हरबा गुरवांना हुकूम आला, क्रीडादिन झाला की मृदंग उचला आणि संस्थान सोडा. हरबांचं वय साठ. घरी येऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते जेवायलाही उठेनात. त्यांची मुलगी राही मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली.

"सरकार, बाबांचं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. उपयोग नाही त्याचा. गाण्यानं कुणाचे दंड फुगलेत?"

"उपयोग दाखवला तर?"

राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "दाखव की. पण क्रीडादिन संपेपर्यंत शाळेत कुणी एक सूर काढायचा नाही, एक ताल धरायचा नाही, एक रेघ ओढायची नाही. एवढं पाळून दाखव, हरबा राहील."

दरबारी खो खो हसले. पाण्यात न उतरता पोहून दाखव म्हणण्यातलाच हा प्रकार.

"हुकूम लेखी मिळेल का, सरकार? शाळेच्या दारावर लावते."

मिळाला, शिक्क्यासकट. राहीनं तो दारावर चिकटवला आणि पंधरा दिवस स्वस्थ बसली.

"अगं, काहीतरी कर," हरबा काकुळतीला आले.

"करतेय ना बाबा. तुम्हीही काही करू नका, म्हणजे झालं."

क्रीडादिन उजाडला. शेजारच्या संस्थानचे राजे खास पाहुणे म्हणून आले होते. "आमची पोरं बघाच," राजेसाहेब त्यांना चौथ्यांदा सांगत होते.

आधी लेझीम. हलगीवाल्यानं टिपरी उचलली, तोच तालमीच्या वस्तादांनी त्याचा हात धरला. ताल बंद! चाळीस पोरं चाळीस तऱ्हांनी नाचली. कुणाची लेझीम शेजाऱ्याच्या कोपरावर, कुणाची पुढच्याच्या टाळक्यावर.

मग आट्यापाट्या. हा खेळ म्हणजे निव्वळ रेघा, आणि मैदानावर रेघ एकही नाही. पोरं आठवड्याच्या बाजारात हिंडावीत तशी हिंडली. शेवटी हुतूतू. सूरही बंद, म्हणून एक गडी तोंड मिटूनच पलीकडे गेला, तिघांना शिवला आणि आरामात श्वास घेत परतला.

"दम तुटला!"

"कुठं तुटला? ऐकलास का?"

हातघाईवर प्रकरण आलं.

पाहुण्यांनी अदबीनं विचारलं, "हा आपल्याकडचा नवीन खेळ का?"

राजेसाहेबांचे कान लाल झाले. "वस्ताद! रेघा कुठायत?"

"दरसाल असतात, सरकार," वस्ताद डोकं खाजवत म्हणाले. "मी येतो तेव्हा असतातच."

"आपोआप उगवतात? कोण आखतं?"

हरबा भीत भीत पुढे झाले. "मी, सरकार. पहाटे, दोरी धरून, चुन्याच्या फक्कीनं. सूर धरून दम कसा लांबवायचा, तेही गाण्याच्या तासाला मीच शिकवतो."

राजेसाहेब राहीकडे वळले. "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायचं कुठं होतं, सरकार? दाखवायचं होतं."

पाहुणे मिशीत हसले. ते राजेसाहेबांना झोंबलं. पण चूक कबूल करतील तर ते राजे कसले!

"ठीक! म्हणजे खोट वस्तादातच आहे. उद्यापासून जोरबैठका बंद! दिवसभर गाणं आणि चित्रं. वस्तादानं संस्थान सोडावं."

वस्तादांचा चेहरा पडला. पंधरा दिवसांपूर्वी हरबांचा असाच पडला होता. राहीला ते बघवलं नाही.

"जशी आज्ञा. बाबा, जरा हुतूतू घालता?"

हरबांनी आवाज लावला. काय तो सूर! "हुतूतूतू..." करत हरबा चार पावलं धावले, पाचव्याला धाप लागली आणि कंबर धरून ते खालीच बसले.

राही म्हणाली, "नुसत्या व्यायामाचा हुतूतू सरकारांनी मघाशी पाहिला. नुसत्या गाण्याचा हा असा बसलाय. पुढच्या वर्षी पाहुण्यांना यातला कुठला दाखवायचा, तेवढं सांगावं."

पाहुणे पोट धरून हसू लागले. राजेसाहेबांनी क्षणभर दात आवळून धरले, पण मातीत फतकल मारून बसलेल्या हरबांकडे नजर गेली आणि तेही गडगडाटी हसले. स्वतः वाकून त्यांनी हरबांना उठवलं, वस्तादांना जवळ बोलावलं आणि शाळेचा दिवस दोघांत निम्मानिम्मा वाटून दिला. मग दंडातलं सोन्याचं कडं काढून राहीच्या हातात ठेवलं आणि शाळेचा कारभार तिच्याकडे सोपवला.