मागच्या दाराच्या विटा

या इस्पितळाला मागचे दार नाही. खात्री करायची तर भिंतीला वळसा घालून या, मी इथेच फाटकाजवळच्या बाकावर बसलो आहे. नदीच्या बाजूला विटांनी बुजवलेली एक कमान दिसेल. वरच्या टोकाला हात जाईल एवढी फट तशीच राहिली आहे. पाहुणे तिचे फोटो काढतात आणि कबुतरांसाठी ठेवली असेल म्हणतात. काय बोलायचे!

इंग्रजी अमलात या शहरात पटकीची साथ आली आणि गणबाशेट कोरगावकर या धान्याच्या व्यापाऱ्याची बायको एका दिवसात गेली. तिच्या चितेपुढे शेटने शपथ घेतली म्हणे, की यापुढे या गावात कोणी औषधावाचून मरणार नाही. त्याने हे धर्मार्थ इस्पितळ उभारले. प्रेत बघून बाकीच्या रोग्यांनी धीर सोडू नये म्हणून मागे, स्मशानघाटाकडे, एक दार ठेवले. मेलेली माणसे गुपचूप तिथून जात. हेतू चांगलाच होता, पण तिथेच घात झाला. समोरून आत गेलेली माणसे बाहेर येताना दिसेनात. तेव्हा नदीवर पुलाचे काम चालू होते. शेटची माणसे रोग्यांना उचलून नेतात आणि मागच्या दाराने काढून पुलाच्या पायात पुरतात, अशी आवई उठली. खाटा ओस पडल्या.

पुढच्या साथीत शेटच्या एकुलत्या लेकीला, मथुरेला, पटकी झाली. सासर याच पेठेत. शेट स्वतः डोली घेऊन गेला आणि तिला या फाटकापर्यंत घेऊन आला. इथे तिने डोलीचा दांडा घट्ट धरला.

"आबा, मरायला मी भीत नाही. पण त्या मागच्या दारानं नेलं तर माझं तोंडसुद्धा कुणाला दिसायचं नाही. ते बुजवा, मग मी येते."

"बुजवतो, बाय. उद्याच बुजवतो."

"आधी बुजवा."

सारी पेठ बघत होती. रडत्या लेकीला उचलून आत नेले असते तर आवई खरी ठरली असती. तरीही न्यायला हवे होते, असे मला वाटते. बापाने अशा वेळी इस्पितळाकडे कशाला बघायचे? पण शेटने गवंड्याला हाक मारली.

डोली कमानीसमोर ठेवली. डॉक्टरांनी औषधाचा पेला बाहेर आणला, तो तिने तोंडाला लावला नाही. शेट स्वतः चुना कालवून देत होता. शेवटचा थर राहिला तेव्हा मथुरेचे डोळे उघडेच होते, पण ती बघत नव्हती. गवंड्याने थापी खाली ठेवली. ती पुन्हा कोणी उचलली नाही.

शेटने तिला या फाटकासमोरून, तोंड न झाकता, भर पेठेतून नेले. दुकानदार गादीवरून उठून उभे राहिले, असे सांगतात. इस्पितळात मात्र त्या साथीत कोणी आले नाही. घरोघरी माणसे मरत राहिली. रोगी येऊ लागले ते शेट गेल्यावर.

आजही इथले प्रेत समोरच्याच दाराने, तोंड न झाकता बाहेर येते आणि रांगेतली माणसे उठून उभी राहतात. आता खाटा पुरत नाहीत. परवा खाटेची वाट बघता बघता एक बाई या बाकावरच गेली. नवऱ्याने तिला उचलून आधी आत नेले, मग समोरच्या दाराने बाहेर आणले. आम्ही सगळे उभे राहिलो.