भिंगरीचं पाणी

“पण बाबा, भांडं तर काठोकाठ भरलेलं होतं... मग ती प्यायली का नाही?” वामननं विचारलं.

लहरनाथबाबांनी खांद्यावरची झोळीसुद्धा अजून उतरवलेली नव्हती. खालच्या गावातून डोंगर चढून ते नुकतेच मठाच्या अंगणात पोचले होते, आणि सरळ उंबराच्या बुंध्याशी येऊन उकिडवे बसले होते.

पुढ्यात भिंगरी आडवी पडली होती. मठाची कुत्री. बाबांची चाहूल लागली की स्वतःभोवती गरागरा फिरायची, म्हणून हे नाव. आज तिनं नुसता शेपटीचा शेंडा उचलला. तोही अर्धवट.

बाबांनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

कातडी खाली बसली नाही. तशीच उभी राहिली, इतकं अंगातलं पाणी आटलं होतं.



वामन बाबांचा शिष्य. डोंगरावर येऊन दोन उन्हाळे झाले होते. पहाटे आसनावर बसला की सूर्य डोक्यावर येईपर्यंत पापणी हलायची नाही. दर्शनाला आलेली माणसं आधी बाबांच्या पाया पडत आणि मग दबक्या आवाजात विचारत, “ते आत बसलेले महाराज कोण?” वामनला ते ऐकू येत असे. ध्यानात असला तरी तेवढं ऐकू येत असे. यंदा बाबा आपले कान चिरून त्यात नाथपंथाची कुंडलं घालतील, अशी त्याची खात्रीच होती.

परवा उतरताना बाबांनी एकच काम सांगितलं होतं. “ऊन फार आहे. भिंगरीला पाणी.”

“मी दोन्ही दिवस बघत होतो बाबा,” वामन म्हणाला. “दारातून बघायचो. भांडं भरलेलं दिसायचं. म्हटलं, आहे की अजून.”

बाबांनी साखळीवर बोट ठेवलं. गळ्यापासून ते बोट सरकत सरकत बुंध्याकडे गेलं. साखळीचे बुंध्याला वेढ्यावर वेढे पडले होते. सावलीमागे फिरता फिरता भिंगरीनंच ते घालून घेतले होते. शेवटी हातभर साखळी उरली होती. भांडं तिच्या नाकापासून वीतभर पुढे होतं.

मधल्या मातीत नखांचे ओरखडे होते. खोल.

वामननं ते आता पाहिले.

“कुणी बांधली?”

“मीच. बिबट्या फिरतो म्हणून रात्री बांधतोच ना आपण...”

“दिवसा?”

“बसलो की मांडीवर डोकं ठेवायला यायची, बाबा. आसन मोडायचं.”

“भुंकली नाही?”

“भुंकली... खूप भुंकली. मी उठलो नाही.”

परवा याच गोष्टीचा त्याला केवढा अभिमान वाटला होता! कुत्री घसा फोडून ओरडते आहे आणि आपलं चित्त जागचं हलत नाही. बाबा आले की त्यांना सांगायचं, असंही त्यानं मनाशी ठरवलं होतं.

“मग?”

“मग काल आवाज थांबला.”

“तेव्हा काय वाटलं?”

वामनची मान खाली गेली.

“वाटलं... ध्यान लागलं.”

बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं वामनला वाटलं...

“पाणी आण.”

तो धावला. मठामागच्या कातळात खोदलेलं टाकं होतं, त्यात त्यानं कळशी बुचकळली आणि अर्धं पाणी सांडत परत आला. बाबांनी तोवर भिंगरीला सोडवून मठाच्या गुहेच्या गारव्यात नेऊन निजवलं होतं. वामननं तिचा जबडा उघडला आणि कळशी कलती केली. भिंगरीला जोराचा ठसका लागला. गेलेलं पाणी नाकातोंडातून बाहेर आलं आणि तिचे डोळे फिरले.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“बुडवतोस तिला?”

त्यांनी आपल्या पंच्याची पट्टी फाडली, पाण्यात भिजवली आणि तिच्या ओठांच्या कडेला धरून हलकेच पिळली. एक थेंब जिभेवर पडला. बाबा थांबले. तिनं तो गिळला, मग दुसरा.

“पंजे भिजव. पोट भिजव. आणि हे असं.” पट्टी त्यांनी वामनच्या हातात दिली आणि उठले.

“तुम्ही कुठे निघालात?”

“आंघोळीला.”

“बाबा, ही मेली तर?”

बाबा मागे न बघता बाहेर गेले.

वामन एकटा राहिला.

थेंब पिळायचा. घशाची हालचाल बघायची. पुन्हा थेंब. दुपार चढली तशी बाहेरची दगडी फरसबंदी तापून पांढरी दिसू लागली. भिंगरीचा श्वास मधेच अडायचा आणि वामनचाही अडायचा. त्यानं बोट लावून तिच्या हिरड्या पाहिल्या. बोट चिकटलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. पुन्हा चिकटलं.

दर्शनाला माणसं आली. घंटा वाजली. कुणीतरी दारातून वाकून विचारलं, “इथे ते ध्यानस्थ महाराज असतात, ते कुठे आहेत?” वामनला ते ऐकूच आलं नाही.

एकदा तिची छाती हलायचीच थांबली. त्यानं तळहात तिच्या नाकाशी धरला. काही लागेना. “भिंगे...” त्याच्या तोंडून निघालं, “भिंगे, अगं ए...” आज त्यानं पहिल्यांदाच तिला हाक मारली होती. खूप वेळानं तळहाताला ऊबदार असं काहीतरी लागलं. श्वास होता. अगदी बारीक.

तो रडला. पण थेंब पिळायचा थांबला नाही.

उन्हं कलली. हिरडीला लावलेलं बोट आता ओलं निघालं. मग भिंगरीनं जीभ बाहेर काढली आणि ती पट्टीच चाटायला लागली. वामननं उथळ थाळीत थोडंसं पाणी घेऊन तिच्या तोंडाशी धरलं. मान थरथरत होती, तरी तिनं ती उचलली. लप... लप... मग दम खाल्ला. पुन्हा लप.

दिवेलागणीला ती उठली. लटपटत अंगणात गेली आणि उंबराखाली मुतली.

ओट्यावर बसलेल्या बाबांनी ती ओली माती पाहिली. त्यांनी डोळे मिटले, आणि दिवसभर धरून ठेवलेला श्वास सोडला.

“वाचली,” ते म्हणाले.

वामननं ते पाहिलं, आणि भर उन्हात हा माणूस आंघोळीला का गेला होता ते त्याला आता कुठे कळलं. तिची तडफड त्यांना बघवत नव्हती.

आठवडा गेला. भिंगरी पुन्हा पायऱ्यांवर धावू लागली. वामनचं मात्र आसनावर लक्ष लागेना. घटकेघटकेला उठायचा. थाळीतलं पाणी किती कमी झालं ते बघायचा. तापलं असेल तर ओतून नवं भरायचा. ती दिसली नाही तर डोंगरभर हाका मारत हिंडायचा. झोपेतसुद्धा त्याला भुंकणं ऐकू यायचं आणि तो दचकून उठायचा.

एका सकाळी बाबांनी झोळी खांद्याला लावली.

“पलीकडच्या वाडीत जातोय. चार दिवस लागतील. भिंगरी तुझ्याकडे.”

वामन धावत पुढे आला आणि पायरीवरच बाबांची वाट अडवून उभा राहिला.

“माझ्याकडे नको, बाबा. पाया पडतो. तिला बरोबर घेऊन जा, नाहीतर खाली गावात कुणाकडे तरी ठेवा. पण माझ्याकडे नको...”

“का रे?”

“भीती वाटते.”

“फार?”

“फार, बाबा. रात्रंदिवस वाटते.”

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला हलकेच बाजूला केलं आणि पायऱ्या उतरू लागले. वळणावर गेल्यावर म्हणाले,

“मागल्या खेपेला वाटत नव्हती.”