फाटक लावलंस?

"…मग उपदेश आजच द्याल, का उद्या सकाळी आंघोळ करून बसू?" कृष्णातनं विचारलं.

बाळाप्पा महाराज पडवीत खांबाला टेकून बसले होते. दुखऱ्या गुडघ्यांचे पाय उन्हात पसरलेले, डोळे मिटलेले.

"फाटक लावलंस?" त्यांनी विचारलं.

"लावलं की! तेच तर सांगायला आलोय."

महाराज गुडघा चोळत राहिले…

मी आत चुलीपुढं होतो. या मठात मी एकवीस वर्षं भाकऱ्या भाजतोय. उपदेश मागायला आलेली माणसं एवढी पाहिली, की आता कुणी तो शब्द काढला तरी मला जांभई येते. लपवून काय करू?

कृष्णातचं मात्र जरा वेगळं होतं. सुताराचा पोरगा, कोल्हापुरात जाऊन नकाशे काढायला शिकलेला. हाताला कसब आणि तोंडाला खळ नाही. पाच वर्षं मठात राहिला, आणि पाच वर्षं दर गुरुवारी एकच विचारलं, "उपदेश कधी?" महाराज म्हणायचे, बघू.

दिवाळी झाल्यावर एकदा म्हणाले, "शेताला चांगलं फाटक कर. गवे फार येतात. मग बघू."

ते 'मग बघू' त्यानं घट्ट धरून ठेवलं. दोन महिने दुसरा विषय नाही. जेवताना ताटातल्या पिठल्यावर बोटानं फाटकाचा नकाशा काढायचा. मी ओरडायचो, "अरे, जेव की मेल्या!"

शेत मठाचं, पण कसते आक्काताई. नवरा गेल्यापासून एकटीच. पिकेल त्यातलं अर्धं मठाला, अर्धं तिला, आणि त्या अर्ध्यावर तिचं वर्ष निघतं. दुसरा आधार नाही. शेताला चारी बाजूंनी दगडांची उंच रचाई आहे, आत जायला एकच वाट. रोज दिवस कलला की आक्काताई गावातून यायची, बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून ती वाट बुजवायची आणि परत जायची. सकाळी येऊन फांद्या काढायची. हातांवर कायम ओरखडे.

यंदा शाळूची ज्वारी दृष्ट लागण्यासारखी आली होती. कणसं भरलेली. आठ-दहा दिवसांत काढणी.

"महाराज, नुसतं लावलं नाही," कृष्णात सांगू लागला. "ऐनाचं लाकूड आहे. खांब दोन हात जमिनीत गाडलाय, आणि गाडायचा भाग आधी भाजून घेतलाय, म्हणजे वाळवी लागायची नाही. आडव्या पट्ट्या सहा. खालच्या जवळजवळ, डुकराचं पिल्लूसुद्धा शिरायचं नाही. वरच्या लांब लांब, म्हणजे वजन कमी. आणि एका जोडाला खिळा नाही! एका लाकडाला भोक, दुसऱ्याचं टोक त्यात ठोकून बसवलंय."

महाराज ऐकत होते. किंवा झोपले होते. त्यांच्याकडं बघून ते कधी कळत नाही.

"लोक तिरकी पट्टी उलटी मारतात, महाराज. ती खालच्या बिजागरीपासून वर, मोकळ्या टोकाकडं जायला हवी. तर सगळा भार खांबावर उतरतो. उलटी मारली की वर्षात फाटक लोंबतं. माझं पन्नास वर्षं लोंबायचं नाही. ओळंबा लावून टांगलंय. जिथं सोडाल तिथं थांबतं, तसूभर हलत नाही!"

"…आणि फाटक लावलंस?" महाराज म्हणाले.

कृष्णातनं माझ्याकडं पाहिलं. मी चुलीत फुंकर घातली.

"महाराज, आत्ता तेच तर सांगितलं. लावलं. सकाळीच लावलं. हत्ती आला तरी उखडायचं नाही, असं लावलंय."

"बरं."

"मग उपदेश?"

महाराजांनी हात हलवला. हो म्हणून की माशी हाकलायला, कोण जाणे. कृष्णात तोंड पाडून आत आला आणि माझ्या शेजारी बसला.

"दादू, म्हातारपणानं विसरायला लागलेत का रे? एकच गोष्ट किती वेळा विचारायची?"

"तू पाच वर्षं एकच विचारतोयस," मी म्हणालो. "ते आज दोनदा विचारले तर तुला राग आला."

त्याला ते आवडलं नाही. उठून गेला.

ऊन उतरलं. गावातली गुरं घराकडं वळली. कृष्णात परत आला तेव्हा मोठ्या खुशीत होता. रस्त्यावरून जाणारी चार माणसं थांबून फाटक बघून गेली म्हणे. आक्काताईलाही त्यानं दुपारीच सांगून टाकलं होतं, "आता संध्याकाळी यायचं नाही. फाटक आहे. पाय पसरून झोपा!" बाभळीच्या फांद्या त्यानं ओढून लांब ओढ्यात टाकल्या होत्या.

महाराजांना मी हात देऊन आत आणत होतो. उंबऱ्याशी ते थांबले. शेताकडं तोंड केलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शेत काय, अंगणसुद्धा धड दिसत नाही.

"कृष्णात…"

"काय, महाराज?"

"फाटक लावलंस का रे?"

आता मात्र त्याचा आवाज चढला. "लावलं, महाराज! लावलं, लावलं, लावलं! चालत असाल तर चला, खांदा देतो, हात लावून बघा!"

महाराजांनी अंगणाकडं एक पाय टाकून बघितला…

"गुडघे फार दुखतात आज," ते म्हणाले, आणि आत आले.

आम्ही आरती केली. मी भाकऱ्या वाढल्या. जेवण झालं आणि सगळे झोपलो.

सकाळी आक्काताई आली. ओरडली नाही, रडली नाही. पडवीच्या पायरीवर येऊन बसली आणि पदर तोंडाला लावला.

"म्हाराज, शाळू गेला."

महाराज जपमाळ ओढत होते. हात थांबला. "किती?"

"बांधाकडंला चार सऱ्या उभ्या हायत. बाकी सगळा तुडिवला. सात-आठ गवं तरी असतील. खाल्लं थोडं, लोळवलं जास्त."

कृष्णात अंगावर पाणी घेत होता. तसाच ओल्या अंगानं शेताकडं पळाला. मी आक्काताईला पाणी दिलं. तिनं तांब्या घेतला, पण प्याली नाही.

थोड्या वेळानं तो धापा टाकत परत आला. आणि त्याच्या तोंडावर, देवाशपथ सांगतो, आनंद होता.

"फाटकाला काही झालेलं नाही! साधा ओरखडासुद्धा नाही, महाराज! गव्यांनी ते तोडलेलं नाही!"

माझ्या हातात चिमटा होता. तो त्याच्या डोक्यात घालावा असं मला फार वाटलं.

आक्काताईनं तोंडावरचा पदर काढला. "तोडतील कशाला, बाबा? उघडंच हुतं की."

कृष्णात तिच्याकडं वळला.

"सताड उघडं. म्या आत्ता हातानं मिटलं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हात् तिच्या! आपल्या बोलीत फाटक बसवणं म्हणजेही लावणं, आणि बंद करणं म्हणजेही लावणंच. महाराज तीनदा एक विचारत होते, हा तीनदा दुसरंच सांगत होता. मी चुलीपुढं बसून दोघांचं ऐकत होतो, आणि मलाही कळलं नाही. कसं कळणार? माझंही सगळं ध्यान त्या ओळंब्यात आणि तिरक्या पट्टीत अडकलेलं.

"तेल दिलं होतं त्याला, अळशीचं," कृष्णात पुटपुटला. "दोन्ही अंगांनी वारा मिळावा, म्हणून उघडं ठेवलं…"

आक्काताई त्याच्याकडं बघत होती.

"…आणि रस्त्यावरनं दिसावं म्हणून."

"जरा वाकडं बसवलं असतंस," आक्काताई म्हणाली, "तर आपसूक तरी मिटलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. ती पार दमून गेली होती.

कृष्णातला ते सहन झालं नाही. तो वळला तो महाराजांवरच.

"तुम्हाला कळलं होतं! म्हणूनच तीनदा विचारलंत. मग सरळ का नाही सांगितलंत, की बाबा, जाऊन बंद कर? माझी परीक्षा घेत होता? आणि परीक्षेसाठी हिचं पीक घालवलंत?"

मी म्हणालो, "ए, कुणाशी बोलतोयस?"

महाराजांनी मला हातानं थांबवलं.

"परीक्षा कसली रे…" ते म्हणाले. "दिवस कलला की आक्काताई वाट बुजवते. काल तिची चाहूल लागली नाही. आधी विचारलं होतं, तेव्हा तू लावलं म्हणालास. मन मानेना, परत विचारलं."

"मग?"

"मग उठून जायला हवं होतं. मला दिसत नाही, पण हात लावला असता तर कळलं असतं. तू खांदा देतो म्हणालास. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं." त्यांनी जपमाळ खाली ठेवली. "कंटाळा केला, कृष्णात. आक्काताई, माझंही चुकलं."

एकवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. आक्काताई मान खाली घालून बसली होती.

"दादू," महाराज म्हणाले, "यंदाचं मठाचं अर्धं तिला."

"अहो, त्या अर्ध्यात आता काय राहिलंय?"

"जे राहिलंय ते सगळं तिचं."

"आणि आपण काय खायचं?"

"नाचणा आहे."

"नाचणा होळीपर्यंत पुरेल. पुढं?"

"होळीपर्यंत तर खाऊ…"

त्यांनी जपमाळ पुन्हा हातात घेतली.

कृष्णातचा ताठा तिथं मोडला. मघापासून उभा होता, तो मटकन खाली बसला आणि त्यानं महाराजांचे पाय धरले. ढसाढसा रडायला लागला. "माझं चुकलं. मला क्षमा करा. मी ते फाटक जाळून टाकतो!"

महाराजांनी हळूच पाय आखडून घेतले.

"माझे कशाला धरतोस? माझं काय गेलंय?"

कृष्णात तसाच गुडघ्यांवर सरकत पायरीपर्यंत गेला आणि त्यानं आक्काताईच्या पायांना हात घातला. धुळीनं भरलेली, टाचा फुटलेली पावलं. ती दचकून मागं सरली.

"आरं, आरं! हे काय?"

"आक्काताई, तुमचे पाय धरतो…"

"पाय कशाला धरतोस? विळा धर."

त्यानं मान वर केली.

"पडलेला शाळू दोन दिसांत काळा पडंल. ऊन तापायच्या आत कापून घेतला तर कणसांतलं जे निघंल ते निघंल, कडबा तरी पदरात येईल. मी एकटी किती कापू? ऊठ. आणि त्ये फाटक जाळू बिळू नगंस. चांगलं केलंयस. मला आता काटं वडायला लागायचं न्हाईत."

ती उठली. पदर खोचला, तांब्यातलं पाणी गटागट प्याली आणि तांब्या माझ्या हातात दिला. कमरेचा विळा काढून शेताच्या वाटेला लागली. मागं वळून पाहिलं नाही. तिला तेवढा वेळच नव्हता.

मी आडोशाला टांगलेला मठाचा विळा काढून कृष्णातपुढं धरला. त्यानं तो घेतला. सुताराच्या हाताला विळा जरा उलटाच बसला, पण घेतला.

पडवी उतरून चार पावलं गेला, आणि थांबला. पाच वर्षांची सवय, एका सकाळीत कशी सुटेल? तो मागं वळला. डोळे अजून ओलेच होते.

"महाराज…"

"हं."

"आता विचारायला तोंड नाही मला. पण विचारतो. माझा उपदेश?"

महाराजांनी खांबाला टेकून डोळे मिटले. वाटेवर आक्काताईची पावलं वाजत होती, लांब लांब जात होती. त्यांनी त्या आवाजाकडं मान वळवली.

"तो काय, विळा घेऊन पुढं चाललाय," ते म्हणाले. "गाठ त्याला. लांब गेलाय."