बोरखेडीच्या ओट्यावरचं खोकं

सोमवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. बोरखेडीत कोंडाजी मोहित्यांच्या ओट्यावर फ्रीजचं मोठं खोकं उभं होतं. ते तिथं का आलं, हे गावाने तिखटमीठ लावून सांगितलं आहे. घडलं ते असं.

बोरखेडीपासून अकरा किलोमीटरवर कुसळगाव आहे. तिथं निवृत्ती नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलं तेवढं करायचा. कमी नाही, जास्त नाही.

एकदा बायको म्हणाली, "अहो, दूध उतू गेलं की मला हाक मारा."

निवृत्ती चुलीपाशी बसला. दूध वर आलं, बघत राहिला. काठावर आलं, बघत राहिला. उतू गेलं, चूल विझली. मग त्याने हाक मारली, "शेवंता, गेलं बरं का!"

शेवंताने पिशवी भरली. "मी माहेरी चालले. पुढच्या रविवारी संध्याकाळी सातला बाबांना घेऊन येते. मला न राबता खायला मिळालं आणि घटकाभर करमणूक झाली, तर राहीन. नाहीतर कायमची बोरखेडीत."

निवृत्ती घाबरला. शेजारच्या सिंधूवहिनींकडे गेला. बाजारात आलेली प्रत्येक वस्तू वहिनींच्या घरात होती आणि प्रत्येक वस्तू त्यांची आवडती होती.

"त्यात काय, भावजी! तयार उपमा आणा. माझा फार आवडता. पाकीट घ्यायचं, उकळतं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं. पाच मिनिटांत जेवण!"

निवृत्तीने पाकीट पातेल्यात ठेवलं. वरून उकळतं पाणी ओतलं. झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी पाकीट भिजलं होतं, उपमा कोरडा होता. पाकिटावरही नेमकं तेवढंच छापलेलं होतं. आधी फोडा, असं कुठेही नव्हतं. पण छापणाऱ्याला कोण विचारतो? हसायला निवृत्ती आहेच.

"अहो, वरचं कापून आतलं सगळं बाहेर काढायचं असतं!" वहिनी म्हणाल्या.

"बरं वहिनी. पुढच्या वेळी तसंच करीन."

मग वहिनींनी करमणुकीसाठी रेडिओ सुचवला. "माझा आवडता. एकदा घेतला की गाणी फुकट."

निवृत्तीने रेडिओ आणला. वरचं कापलं. आतलं सगळं बाहेर काढून ताटात मांडलं. गाणं कुठे दिसेना.

"अहो भावजी! आतल्याला हात लावायचा नाही! नुसतं चार्जिंगसाठी चार तास बटणाच्या बोर्डाला लावून ठेवायचं."

"बरं वहिनी. पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढची वस्तू होती इडलीचं तयार पीठ. निवृत्तीने आतल्याला हात लावला नाही. पिशवी सुतळीने बोर्डाला टांगली. वैशाखातलं ऊन. पहिल्या तासात पिशवी फुगली. तिसऱ्या तासात फुटली. भिंतीवर, कॅलेंडरवर आणि सासूबाईंच्या फोटोवर पीठ उडालं.

"देवा रे! ते फ्रीजमध्ये ठेवायचं! पाहुणे आले की मगच बाहेर काढायचं!"

"बरं वहिनी."

म्हणून पत्ते आणले, तेव्हा त्याने ते वहिनींच्याच फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात ठेवले. शनिवारी बावन्न पत्त्यांची एक वीट निघाली. त्या विटेने खलबत्त्यातलं आलं ठेचता आलं असतं.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "पत्ते ठेवायचे नसतात हो! पाहुणे बसले की छान पिसायचे आणि सगळ्यांना सारखे वाटायचे. जा, आता निदान पापड तरी घेऊन या. त्यात काही बिघडत नाही."

रविवारी सातला शेवंताचे वडील कोंडाजी आणि शेवंता आली. बसली. निवृत्तीने उडदाचे पापड घेतले. डावे उजव्यात घातले, उजवे डाव्यात घातले, पुन्हा घातले. छान पिसले. मग उरलेला चुरा मुठीमुठीने तिघांपुढे सारखा वाटला.

"उतरा मामा," तो म्हणाला.

कोंडाजी उतरले. थेट ओट्यावरून. शेवंता मागोमाग. जाताना म्हणाली, "बाबा, बिघडलेला माल गळ्यात बांधलात हो माझ्या!"

निवृत्ती वहिनींकडे धावला. डोळ्यांत पाणी. "वहिनी, वस्तू बिघडलेली निघाली तर काय करायचं असतं?"

वहिनी फ्रीज पुसत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. "खोक्यात घालायची, बिल सोबत ठेवायचं आणि बिलावरच्या पत्त्यावर परत पाठवायची. माझ्या फ्रीजचं खोकं मागे पडलंय, घेऊन जा!"

निवृत्तीने घरी येऊन बिल शोधलं. आपलं बिल म्हणजे लग्नपत्रिका. तळाशी पत्ता होता सासऱ्यांचा.

तर सोमवारी सकाळी कोंडाजींनी दार उघडलं. फ्रीजचं खोकं! त्यांना वाटलं, पुण्याच्या मुलाने न सांगता फ्रीज पाठवला. त्यांनी आळी गोळा केली. खोक्याला कुंकू लावलं, हार घातला, समोर नारळ फोडला, पेढे वाटले. म्हाताऱ्या आत्याने खोक्याला नमस्कार केला.

आतून आवाज आला, "सुखी राहा."

आत्या अंगणापार गेल्या. शेवंताने विळीने खोकं कापलं. आत निवृत्ती, हातात पत्रिका.

"मामा, मी बिघडलेला आहे. शेवंताला दुसरा बदलून द्या."

शेवंताने पत्रिका घेतली, तारीख वाचली. "सात वर्षं झाली. मुदत संपली. आता बदलून मिळायचं नाही." एवढं म्हणाली आणि हसायला लागली. ओट्यावरच बसली. पेढा खात हसली, खोबरं खात हसली. दुपारपर्यंत हसली.

मग निवृत्तीने हळूच विचारलं, "न राबता खायला मिळालं ना? करमणूक झाली ना?"

शेवंताने पिशवी उचलली. दोघं दुपारच्या एसटीने कुसळगावला परतली.

खोकं मी स्वतः पाहिलं. निवृत्ती आत होता. चिकटपट्टीच्या चार पट्ट्या बाहेरून होत्या, सरळ, कडा नीट दाबलेल्या. अकरा किलोमीटर ते आपल्या पायांनी गेलेलं नाही. मी सिंधूवहिनींना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला एक चिकटपट्टी दाखवली. म्हणाल्या, फार चांगली आहे, त्यांची आवडती.

पट्ट्या कोणी लावल्या, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.