बादलीचा सत्कार

गाड्याही भांडायच्या, त्या काळातली ही गोष्ट. एका शेडमध्ये विजेच्या स्कूटरच्या पोटातली बॅटरी पेटली. वर आढ्याला चिमणीचं घरटं, त्यात पंख न फुटलेली पिल्लं. वाळूच्या बादलीने स्वतःला स्कूटरवर ओतलं आणि ज्वाळा दिसेनाशी झाली. लगेच ट्रॅक्टरने सत्कार मांडला. हार आला, नारळ आला, भाषण सुरू झालं.

अंगणातला हौद ओरडला, "अरे शहाण्यांनो, वरची ज्वाळा गेली, पोटातली धग तशीच आहे! ती पुन्हा पेटेल. स्कूटरला ओढून माझ्या पाण्यात बुडवून ठेवा."

"आजोबा, तुम्हाला हार नाही म्हणून पोटात दुखतंय होय?" बादली हसली.

"भाषण संपलं की ओढतो," ट्रॅक्टर गुरगुरला, आणि बोलतच राहिला.

स्कूटर फुसफुसली आणि भडकली. ज्वाळा थेट आढ्याला भिडली. बादली रिकामी होती. चिमणी उडाली, पिल्लांना उडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने त्याच शेडमध्ये शोकसभा बोलावली. चिमणीलाही पुढे बसायला सांगितलं. ती बसली नाही. काळ्या पडलेल्या स्कूटरमधून अजून धूर निघत होता.

"दादा," चिमणी ट्रॅक्टरला म्हणाली, "आज तरी भाषणाआधी हिला हौदात टाकाल का?"