वारा सांगायचा नाही

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा घोंगड्या उडायच्या. हसू नका! कशा उडायच्या तेही विचारू नका, ती अक्कल विणणाऱ्यांबरोबर गेली. पण उडायच्या. एका डोंगराळ मुलखात एका दरीच्या दोन काठांवर दोन पेठा होत्या. खाली उतरून पुन्हा वर चढायचं म्हटलं की दोन दिवस मोडायचे. म्हणून लोक घोंगडीवर बसायचे, मधल्या खिंडीतून जायचे आणि घटकाभरात पलीकडच्या पेठेत हजर व्हायचे.

एकेका घोंगडीवर नऊ-दहा माणसं मावत. पुढच्या काठावर बसून ती हाकणाऱ्याला स्वार म्हणत. काम जोखमीचं. खिंडीतला वारा म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई, कधी कशावरून रुसेल नेम नाही. म्हणून स्वारांनी आपसात एक रीत पाडली होती. जो खिंडीतून परत येईल त्याने माळावर उतरल्या उतरल्या पुढे निघणाऱ्याला वारा सांगायचा. "उजवीकडून झोंबतोय, जपून जा." "भोवरा उठलाय, जरा थांब." आणि सांगण्यासारखं काही नसेल तर गप्प बसायचं. उतरणारा गप्प, म्हणजे वाट मोकळी. कामाची माणसं ती, तोंडाची वाफ कशाला दवडतील?

घोंगड्या होत्या थोरल्या शेठच्या. तो स्वाराला आठवड्याला सहा पायल्या ज्वारी द्यायचा. बरं चाललं होतं. मग एक नवा शेठ आला. त्याने माळाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घोंगड्या मांडल्या आणि भाडं निम्मं केलं. निम्म्या भाड्यात त्याला परवडायचं कसं? तर त्याचे स्वार तीन पायल्यांवर राबत होते.

गिऱ्हाईक तिकडे पळालं. थोरल्या शेठने आपले स्वार गोळा केले आणि हात वर केले. "मी तरी काय करू? उद्यापासून चार पायल्या. पटत असेल तर या, नाहीतर माळ मोठा आहे."

स्वार बोलायला गेले की शेठ म्हणे, "बघू." पुढच्या महिन्यात गेले तरी "बघू." सगळं भिजत घोंगडं. आणि भिजलेली घोंगडी उडत नाही, हे स्वारांइतकं कोणाला ठाऊक असणार?

शेठवर राग काढता येईना, तो निघाला दुसरीकडे. एका संध्याकाळी थोरल्या शेठचे स्वार विणकराच्या मांडवात जमले. रखमाजी नावाचा स्वार तावातावाने उभा राहिला. "हे तीन पायलीवाले आले आणि आपल्या ताटातली भाकरी अर्धी झाली. आणि आपण काय करतो? त्यांनाच वारा सांगतो! जपून जा म्हणे! आजपासून त्यांना वारा सांगायचा नाही."

एक म्हातारा स्वार खोकत म्हणाला, "अरे, वारा काय आपल्या बापाचा आहे?"

सगळ्यांनी हैबतीकडे पाहिलं. हैबती त्यांच्यातला सगळ्यात जाणता. हवेचा नुसता वास घेऊन तो वारा ओळखायचा. घरात खाणारी सात तोंडं होती आणि दोन पायल्या कमी झाल्यापासून त्याची बायको स्वतः न जेवता "मी मघाशीच जेवले" म्हणायला शिकली होती. त्याच्या मनात ते सलत होतं. तो म्हणाला, "आपल्याला खोटं थोडंच बोलायचंय? भोवरा असताना वाट मोकळी म्हणून सांगणं पाप आहे. ते नको. आपण फक्त गप्प बसू. गप्प बसण्यात कसलं आलंय पाप?"

बोलणं सगळ्यांना पटलं. शहाण्या माणसाने चुकीच्या गोष्टीला बरं कारण शोधून दिलं की ती फार लवकर पटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती पलीकडून परत येत होता. खिंडीत भोवरा उठला होता. त्याने हैबतीची घोंगडी गरागरा फिरवली. हैबती होता म्हणून निभावलं. कसाबसा तो माळावर उतरला.

समोर निघायच्या तयारीत नव्या शेठची घोंगडी उभी होती. तिच्या काठावर सगुणा बसली होती. सगुणाचा नवरा पूर्वी स्वार होता, त्याचे डोळे गेले. तेव्हा ती हे काम शिकली. थोरल्या शेठचा उंबरठा तिने तीन वर्षं झिजवला होता. "जागा नाही," एवढंच उत्तर मिळालं. नव्या शेठने तीन पायल्या देऊ केल्या, तिने घेतल्या. तुम्ही काय केलं असतं?

तिने रीतीप्रमाणे हैबतीकडे पाहिलं आणि वाट बघितली. हैबती मान खाली घालून घोंगडी झटकत राहिला. जरा जास्तच वेळ झटकत राहिला.

सगुणाला मांडवातल्या ठरावाची काय कल्पना? ती आपल्या उतारूंना मोठ्याने म्हणाली, "चला, बसा नीट! वाट मोकळी आहे."

ते शब्द हैबतीने ऐकले. त्याचं तोंड उघडलं. पण समोर रखमाजी उभा होता, त्याच्यावर डोळे रोखून. हैबतीने तोंड मिटलं. घोंगडी उठली आणि खिंडीकडे गेली. माणसाला वाऱ्यावर सोडणं म्हणतात ना, ते हे असं.

भोवऱ्याने ती घोंगडी मधोमध फाडली. सगुणाने कशीबशी ती कड्यावरच्या कारवीत उतरवली. उतारू वाचले, देवाची कृपा. कोणाचं ढोपर फुटलं, एका कासाराच्या टोपलीभर बांगड्यांचा चुरा झाला. पण उतारूंना आवरता आवरता सगुणा स्वतः खडकावर आदळली आणि तिचा डावा हात मोडला.

तिसऱ्या प्रहरी हैबती तिच्या घरी गेला. पाय ओढत गेला. ठरावाची गोष्ट तोवर दोन्ही पेठांत पसरली होती. सगुणा अंगणात बसली होती, हाताला पाला बांधलेला. हैबती म्हणाला, "सगुणाबाई, मी खोटं नाही बोललो."

"खोटं बोलला असता तर बरं होतं, दादा," ती म्हणाली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हणून तर मी गेले."

हैबती तिच्यासमोर खाली बसला. तो म्हणाला, "माझं चुकलं."

"चुकलंच. आता जा."

तिच्या आंधळ्या नवऱ्याने चाचपडत पाण्याचा तांब्या पुढे केला. "पाहुणे, पाणी तरी घ्या." हैबतीने तांब्या हातात घेतला, तसाच उंबऱ्यावर ठेवला आणि निघाला.

आता खरी गंमत ऐका. गंमत कसली, फजिती!

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या शेठचा एक स्वार माळावर उतरला आणि गप्प राहिला. पुढे निघायचं होतं रखमाजीला. कालपर्यंत गप्प म्हणजे वाट मोकळी. पण आज? रखमाजीने विचारलं, "काय रे, वाट मोकळी आहे ना?"

"आहे की," तो स्वार म्हणाला आणि हसला.

हसला कशाला? रखमाजीला शंका आली. सूड उगवत असेल तर? तो थांबला. मग त्याच्याच बाजूचा एक स्वार उतरला, तोही गप्प. रखमाजीला आठवलं, मागच्या आठवड्यात आपल्या शेळीने याचा वेलभर दोडका खाल्ला होता. हाही डूख धरून असेल तर? तो पुन्हा थांबला. मागचे म्हणाले, रखमाजी थांबलाय म्हणजे काहीतरी असणार. तेही थांबले. नव्या शेठचे स्वार म्हणाले, काल सगुणाला फसवलं, आज आपल्याला फसवतील. तेही थांबले.

दुपारपर्यंत एकूण एक चाळीस घोंगड्या माळावर. उतारू बोंबलत होते. कोणाची सोयरीक खोळंबली, कोणाचं दही आंबट झालं. स्वार आपापल्या घोंगडीवर बसून एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होते. खिंडीत काय आहे ते सांगणारे पुष्कळ होते, पण ऐकायचं कोणाचं?

दोन्ही शेठ धावत आले. नवा शेठ आपल्या स्वारांना म्हणाला, "अरे, ते बसलेत ते बसू द्या! तुम्ही उडा! आज सगळं गिऱ्हाईक आपलं!" एकही हलला नाही. ज्वारीपेक्षा जीव सगळ्यांनाच प्यारा.

मग नव्या शेठला सगुणा आठवली. तिचं घर खिंडीच्या तोंडाशी होतं. अंगणात बसलं की खिंडीतलं गवत कुठल्या कुशीवर झोपलंय ते दिसायचं. त्याने तिला डोलीत घालून आणलं आणि बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वारा कसा आहे ते आपल्या लोकांच्या कानात सांग. फक्त आपल्या. ते बसू देत तसेच. हात बरा होईपर्यंत तुला घरबसल्या तीन पायल्या देतो."

सगुणाच्या घरात त्या दिवशी काय होतं सांगू? मूठभर कण्या होत्या. उडणार नाही त्याला दाणा नाही, हा नव्या शेठचा नियम होता. हात बरा व्हायला दोन महिने लागणार होते. तिने शेठकडे बघितलं, मग माळाकडे बघितलं. चाळीस स्वार तिच्याकडे बघत होते. त्यांत हैबती होता. त्याची मान खाली होती.

सगुणा एका दगडावर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "ऐका रे सगळे! खिंडीत भोवरा नाही. वारा डावीकडून येतोय, हलका आहे. उजवा काठ दाबून धरा, वाट मोकळी आहे. हैबतीदादा, तुम्हीही ऐका! माझा राग गेलेला नाही. लवकर जाणारही नाही. पण वारा काही माणूस बघून फाडत नाही."

मग "उठा, उठा" करत स्वार घोंगड्या पसरू लागले. तिच्या शब्दावर कोणालाच शंका आली नाही. उतारूही गाठोडी उचलून धावले.

हैबतीने मात्र आपली घोंगडी गुंडाळली, सगुणाच्या दगडापाशी नेऊन ठेवली आणि त्या गुंडाळीवर बसला.

"हे काय?" थोरला शेठ म्हणाला. "वारा कळला ना?"

"वारा कळला," हैबती म्हणाला. "आता ज्वारीचं कळू द्या. दोन्ही शेठ एका जागी आजच सापडलेत."

रखमाजी आनंदाने ओरडला, "शाब्बास! आपल्या सहा पायल्या परत मागा!"

"आपलं नंतर," हैबती म्हणाला. "आधी त्यांच्या तीन पायल्यांचं. अरे रखमाजी, त्यांना तीन मिळतात म्हणून आपल्याला चार पुरे झाल्या. उद्या त्यांच्या दोन झाल्या की आपल्या तीन होतील. आपण भांडतोय त्यांच्याशी, आणि ज्वारी उरतेय कोणाच्या कणगीत?"

रखमाजीने डोकं खाजवलं. मग तोही घोंगडी गुंडाळून आला. म्हातारा स्वार आला. नव्या शेठचे स्वार बिचकत बिचकत आले. चाळीस घोंगड्यांची एकच उतरंड झाली आणि चाळीस जण तिच्याभोवती बसले. सकाळी एकमेकांच्या भीतीने बसले होते, आता एकमेकांसाठी बसले. बसणं तेच, पण शेठ लोकांना त्यातला फरक ताबडतोब कळला.

सूर्य कलेपर्यंत बोलणी चालली. सहा पायल्या काही मिळाल्या नाहीत, खोटं कशाला सांगू? पाच मिळाल्या. पण दोन्हीकडे सारख्या. आणि कामावर ज्याचं हाडबीड मोडेल त्याला बरा होईपर्यंत निम्मी ज्वारी. भाडं थोडं वाढलं, उतारू चार दिवस कुरकुरले, मग विसरले.

स्वारांनी आपली रीतही बदलली. गप्प बसायचं नाही. काही नसलं तरी उतरल्यावर तोंडाने म्हणायचं, "वाट मोकळी." मग तो कोणत्याही शेठचा असो.

दोन महिन्यांनी सगुणा पुन्हा माळावर आली. हात बरा झाला होता, पण बोटं अजून पुरती वळत नव्हती. उतारू बसले. तेवढ्यात हैबती खिंडीतून येऊन उतरला आणि म्हणाला, "वाट मोकळी आहे, सगुणाबाई."

सगुणाने खिंडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. हात काठावर होता, पण घोंगडी काही उठेना. तिला वाटत होतं विश्वास ठेवावा, पण मोडलेला हात ऐकत नव्हता.

हैबतीला ते कळलं. तो रागावला नाही. आपली घोंगडी रखमाजीच्या हवाली करून तो आला आणि तिच्या घोंगडीच्या अगदी पुढच्या काठावर, वारा पहिला लागतो तिथे, मांडी घालून बसला.

"चला," तो म्हणाला. "मीही येतो."

सगुणाने घोंगडी उचलली.

आता तात्पर्य, ते सांगितल्याशिवाय तुम्ही काही मला सोडणार नाही. तात्पर्य एवढंच: आपल्यापेक्षा कमी मिळणारा आपला वैरी नसतो, त्याला वाऱ्यावर सोडणारा स्वतःही जमिनीवरच बसतो.